मधल्या घाटापर्यंत पायी

बायको जाऊन आठ महिने झाले. पोरं म्हणतात, नुसते बसून राहू नका, काहीतरी लिहीत जा. माझी शाळा चौथीत सुटली. लिहिण्यासारखं माझ्याकडं एकच आहे आणि त्यात माझं काही चांगलं नाही. तिच्यासमोर ते कधी काढलं नाही. आता काढून तरी काय, पण लिहितो.

निजामाचं राज होतं तेव्हाचं आहे हे. गंगाखेडला आमचं घर गावाच्या वरच्या अंगाला, अगदी गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठावर. तिचं माहेर त्याच गावात, खालच्या अंगाला. मधे काठाकाठानं जाणारी वाट. मी सरकी काढायच्या कापसाच्या जिनात कामाला होतो आणि परभणीहून एक जुनी सायकल आणली होती. तिला घंटी नव्हती, ब्रेक असून नसल्यासारखा. पुढं कोणी आलं की मी ओरडायचो आणि पाय जमिनीला घासत थांबायचो. चपला त्यातच झिजल्या.

ती वाट मला पाठ होती. आमच्या घरापासून निघालं की आधी रंगाऱ्यांची घरं. त्यांची ओली लुगडी वाटेच्या दोन्ही अंगांना वाळत असायची, वारा सुटला की तोंडावर यायची. पुढं पिंपळाचा पार. मग मधला घाट, तिथं फरशीवर चाकं अशी खडखडायची की दात हलायचे. घाटाखाली कोळ्यांच्या होड्या, मग टरबुजाच्या वाड्या आणि शेवटी तिचं माहेर. पावसाळ्यात काळी माती चाकात भरून सायकल जागची हलायची नाही, खांद्यावर घेऊन चालावं लागायचं. उन्हाळ्यात बाभळीचे काटे. तरी जिनातून सुटल्यावर, अंगावर कापसाचं भुसकट घेऊन, त्या वाटेनं एकटा सायकल हाणायचो तेव्हा बरं वाटायचं. तेवढंच बरं वाटायचं त्या दिवसांत.

ती बरोबर असली की मात्र एक रीत होती. मधल्या घाटाच्या वर ती सून, खाली लेक. सून सायकलवर बसत नाही. म्हणून घरापासून मधल्या घाटापर्यंत मी सायकल हातात धरून पुढं चालायचो आणि ती डोक्यावर पदर घेऊन दहा पावलं मागं. घाट ओलांडला की ती पदर खांद्यावर टाकायची, मागं कॅरेजवर बसायची आणि खोगिराखालची स्प्रिंग धरायची. मला धरायची नाही. तिथून पुढं तिची बडबड सुरू. कुणाच्या वाडीतलं टरबूज चोरलं होतं, कुठल्या होडीतून पडली होती, सगळं मला पुन्हा पुन्हा सांगायची. परत येताना घाटाजवळ आलो की मधेच गप्प व्हायची आणि उतरायची. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. सगळ्यांच्याच बायका तशा चालायच्या.

रीत सांभाळायला पारावर माझे थोरले चुलते बसायचे. सकाळी जेवून यायचे ते दिवस मावळेपर्यंत. आमच्या घरात त्यांच्यापुढं माझा बाप बोलत नव्हता, मी कोण.

एक दिवस दुपारच्या आत तिचा भाऊ धापा टाकत आला. सासऱ्यांनी चार दिवसांपासून अंथरूण धरलं होतं, ते माहीत होतं. भाऊ म्हणाला, श्वास वर लागलाय, दाजी, हिला घेऊन लवकर निघा, आप्पा सारखे हिलाच विचारायलेत. एवढं बोलून तो थोरल्या बहिणीला आणायला दुसऱ्या गावाला पळाला.

मी सायकल बाहेर काढली. ती दारात आली, हाताला पीठ तसंच. सायकलीच्या मागं येऊन उभी राहिली, कॅरेजवर हात ठेवला. मला कळलं होतं ती काय विचारते आहे. मी म्हणालो, "घाटापर्यंत चल. पाराव थोरले असतील."

तिनं हात काढला. पदर घेतला.

ती त्या दिवशी दहा पावलं मागं राहिली नाही, पळत माझ्या बरोबरीला येत होती. रंगाऱ्यांच्या बायका काम सोडून बघत राहिल्या. मी सायकल ढकलत होतो आणि मनात म्हणत होतो, एवढा पार गेला की झालं.

पार मोकळा होता.

शनिवार होता. चुलते पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेले होते. आदल्या दिवशी त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं होतं आणि मी ते साफ विसरलो होतो. तिनं एकदा पाराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मी म्हणालो, बस. ती बसली. घाटाच्या फरशीवरून मी सायकल अशी हाणली की पुढचं चाक वाकडं झालं. त्या दिवशी ती मागून एक शब्द बोलली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा सासऱ्यांना खाली घेतलं होतं. अंग गरम होतं. तिच्या भावजयीनं सांगितलं, आत्ता, आत्ताच गेले, शेवटपर्यंत आली का, आली का म्हणत होते. आमच्या घरापासून पारापर्यंत पायी जेवढा वेळ लागतो, तेवढाच उशीर झाला होता. हे मी तिथंच ओसरीवर बसून मोजलं. तिनंही मोजलं असणार.

तेराव्यानंतर मी तिला आणायला गेलो. चाक सरळ करून घेतलं होतं. बस म्हणालो तर ती सरळ चालायला लागली, वाड्यांवरून, होड्यांवरून, मी सायकल धरून मागं. मधला घाट आला. मला वाटलं, आता पदर घेईल. तिनं घेतला नाही. उघड्या डोक्यानं वर चढली.

पारावर चुलते होते, बरोबर दोघं-तिघं म्हातारे. सून चुलत सासऱ्याशी बोलत नाही आणि तोही तिच्याशी बोलत नाही, जे काही असेल ते नवऱ्याला सांगायचं. चुलते मला म्हणाले, "का रं, तुझ्या घरात पदर घ्यायची चाल मोडली का काय?"

ती थांबली. त्यांच्याकडं न बघता मला म्हणाली, "मामंजींना सांगा, त्या दिवशी घेतला व्हता. पाराव कुनीच नव्हतं बघायला."

आता ते मी मोठ्यानं पुन्हा म्हणायचं होतं. रीतच तशी. सगळ्यांना ऐकू गेलं होतं, तरी मी म्हणायचं होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत उभी होती. मी सायकलच्या साखळीकडं बघत राहिलो. चुलते खाकरले. एक म्हातारा म्हणाला, बाप गेलाय तिचा, जाऊ द्या. मग ती निघाली.

सांजच्याला तिनं भाकरी केल्या. ताट माझ्यापुढं सरकवताना विचारलं, "का सांगितलं न्हाई?"

मी म्हणालो, "त्यांनी ऐकलं की."

"त्यांनी ऐकलं. तुमी सांगितलं न्हाई."

ताटात भाकर वाढली, वर कोरड्यास वाढलं. मी खाली मान घालून जेवलो. दुसरी भाकर मागून घेतली.