चौकटीत न मावलेलं गाऱ्हाणं

पार्से गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे. मी, गोकुळदास, देवापुढे उभा राहून एकेकाचं मागणं खणखणीत आवाजात सांगतो आणि पुरुषमंडळी मागून ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. हे ऐकून ऐकून माणसाचं डोकं फिरतं. माझं बरंच आधी फिरलं होतं.

त्या वर्षी आमचा नळ कोरडा पडला. आमची बायको सत्यवती दुखरे गुडघे सांभाळत विहिरीवरून कळश्या आणू लागली. पंचायतीत गेलो तर सचिव म्हणाले, तक्रार आता कागदावर घेत नाहीत, ऑनलाइन घाला. सून तेजस्विनी फोन घेऊन बसली. मी म्हटलं, तू नुसतं उघडून दे, बोलणं माझ्यावर सोड.

फोनपुढे बोललं की अक्षरं आपोआप उमटतात हे कळल्यावर मी उपरणं सारखं केलं आणि उभा राहिलो. सातेरी, रवळनाथ, वेताळ, गावची शीव, शिवेवरचा राखणदार, मग मामलेदार आणि त्यांच्या वरचे साहेब. कोणालाही न दुखावता मी पाण्यापर्यंत पोचलो, तोवर फोनवरची तक्रार लिहायची चौकट भरली होती.

“बाबा, पाणी भायरच ऱ्हवलां,” तेजस्विनी म्हणाली.

मी म्हटलं, साहेब शिकलेले आहेत, समजून घेतील. त्यांनी समजून घेतलं. काही दिवसांनी फोन आला, तुमची तक्रार देवस्थानांचं बघणाऱ्यांकडे पाठवली आहे, वाद मानाचा आहे की शिवेचा ते कळवा. सत्यवती तेव्हा डोक्यावरची कळशी उतरवत होती. मला लाज वाटली, तरी फोनवरच्या बाईशी मी शिवेबद्दल बराच वेळ तावातावाने बोललो.

त्या संध्याकाळी तेजस्विनीने स्वतःच लिहिलं, नळाला पाणी नाही, आणि खाली घराचा पत्ता. ना देव, ना साहेब. इतकं उघडंबोडकं गाऱ्हाणं मी जन्मात पाहिलं नव्हतं. शिवाय पाणी आलं.

सत्यवतीने घरातलं भांडं न् भांडं भरून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, “तुमी देवाकडे बोला. माज्या गुडघ्यांचा मी आता तेजस्विनीक सांगतलंय.”

ते लागलं. गावच्या म्हशींसाठीसुद्धा मी देवापुढे घसा कोरडा केला होता. हिच्या गुडघ्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं.

पुढच्या गाऱ्हाण्याला मी देवांची नावं मागे ठेवली. पहिल्यालाच म्हणालो, सत्यवतीचे गुडघे दुखतात, ते बरे कर म्हाराजा. अशी सुरुवात कोणी ऐकली नव्हती. मंडळी गोंधळली, ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचंच विसरली. मग बायका बसतात त्या बाजूने, जिथून आजवर कधी उत्तर आलं नव्हतं, हळूच ऐकू आलं, “व्हय म्हाराजा.”

आवाज घरचाच होता, सत्यवतीचा.