न रडलेली पोरगी

गावात बालवाडी निघाली ती माझ्याच हट्टानं. स्वातंत्र्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. चोपड्याच्या बाजारात काहीतरी नवं ऐकायचं आणि ते आणून गावाच्या गळ्यात मारायचं, ही खोड मला त्याच सुमारास लागली. मारुतीच्या देवळाशेजारची खोली सारवून घेतली, धुळ्याहून आलेल्या बाईंना राहायला जागा पाहून दिली, आणि चार वर्षांची पोरं दुपारपर्यंत तिथं सोडा म्हणून घरोघर सांगत फिरलो.

"पोरे रडतीन, नाना," लोक म्हणाले. गावात लहानथोर मला नानाच म्हणत, आणि घरात माझी पोरगीसुद्धा.

"रडू द्या," मी म्हणालो. "मनी पोर नही रडाव. दखज्यात."

बोलून बसलो खरा, पण माझीच खात्री नव्हती. त्या पोरीनं तोवर मला सोडून एक सकाळ काढली नव्हती. केळीच्या बागेत जायला गाडी जुंपली की माझ्याआधी ती चढून बसलेली असे. पाटाला पाणी सुटलं की त्यात पाय बुडवायची आणि "नाना, हाई काय शे? ते काय शे?" असं दिवसभर माझं डोकं खायची. तिला बालवाडीत घालायचं म्हणजे माझीच सकाळ ओस पडणार होती. पण हे पारावर कुणाला सांगणार?

मूल बालवाडीत पाठवायची रीत आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हती. पोरीला घराबाहेर पाठवायची एकच रीत तिच्या आईला माहीत होती. महिन्यापूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माझी बहीण माहेरी आली होती. आठ दिवस झोके, गाणी, आमरस झाला आणि मग तिला सासरी लावून दिली. आता त्याच हातांनी हिची तयारी झाली. डोक्याला तेल, घट्ट वेणी, नवा परकर, कपाळावर कुंकू. ओच्यात मूठभर गहू आणि खोबऱ्याची वाटी घातली, फडक्यात दोन सांजोऱ्या बांधल्या. आणि डोळ्याला पदर लावून तिची आई म्हणाली, "रडू नको, माय. बाई सांगतीन ते आयकजो. कोनले उलटं बोलू नको. घरनं नाव राखजो."

"दोन गल्ल्याच तं जाई राहिनी ती!" मी हसलो.

वाटेत पोरगी ओचा सांभाळत चालली. खोलीत दहा-बारा पोरांनी आकांत मांडला होता. कुणी आईच्या लुगड्याला लोंबकळत होतं, कुणी दाराला. माझी मात्र सरळ आत गेली आणि मान खाली घालून कोपऱ्यात बसली. मी दाराआड बराच वेळ उभा राहिलो. खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला. एकदा तरी वळून पाहावं की नाही माणसानं?

दुपारी आणायला गेलो तर बाई कौतुक करता थकेनात. "नाना, फार गुणी मुलगी हो तुमची! सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत हिनं आपलं फडकं सोडलं नाही. मग स्वतःहून केरसुणी घेतली आणि खोली झाडून काढली. पाणीसुद्धा मागितलं नाही."

माझी छाती फुगली. पारासमोरून मुद्दाम सावकाश चाललो. "रडनी का?" कुणीतरी विचारलंच. टिपूससुद्धा नाही, मी सांगितलं.

गल्लीत वळल्यावर पोरीनं माझं बोट ओढलं.

"नाना, आखाजी उनी का?"

"आखाजी? ती तं होई गई. आते वरीसभर नही."

"मंग माले लेवाले कसाले उनात?"

क्षणभर मला उमजेना. मग एकदम उमजलं. बहिणीला आणायला मुऱ्हाळी म्हणून दर साली मीच जात असे, आणि जायचो ते आखाजीलाच. पोरीनं तोच थाट पाहिला होता, तोच उपदेश ऐकला होता. आपल्याला सासरी दिलं, असं ती धरून चालली. सासरी कसं वागायचं हे आत्याच्या गाण्यांतून तिला पाठ होतं. मागाहून खायचं, झाडलोट करायची, काही मागायचं नाही. आता वर्षभर नाना दिसणार नाही, हे गिळून ती सकाळभर बसली होती, आणि मी पारावर तिच्या न रडण्याच्या फुशारक्या मारत होतो. लाज वाटली मला. एका ओट्यावर टेकलो आणि तिला मांडीवर घेतलं.

"हाई सासर नही, माय. रोज सकाय जावानं आनि दुपारले घर येवानं."

"रोज?"

"रोज."

तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं. मग फडकं सोडून उरलेली सांजोरी खाल्ली. मला एक तुकडा दिला.

घरी हे सांगितल्यावर तिच्या आईनं कपाळाला हात लावला. रात्री ती नीट जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी बालवाडीचं दार दिसताच पोरीनं गळा काढला. माझं धोतर धरलं, पाय आपटले, बाईंचा हात झटकला. "माले नही जावानं!" असं ओरडली की पारावरची मंडळी उठून पाहायला आली.

"नाना, काल दुसरानी पोर आनी व्हती का?" एकानं विचारलं, आणि सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. बाईंनी कसंबसं तिला चिंचोक्यांच्या खेळात बसवलं तेव्हा कुठे माझं धोतर सुटलं.

घरी आलो तर तिची आई दारातच उभी होती.

"रडनी का?"

गाव गोळा केलं म्हणून सांगितलं.

"बरं जयं रडनी ते," ती म्हणाली, आणि कालपासून पहिल्यांदा हसली.