थर्मन गॅडिस मागच्या रांगेत

थर्मन गॅडिसचं नाव आमच्या उत्तर फिलाडेल्फियात ज्याला ठाऊक नाही, तो एकतर परवाच राहायला आला असेल नाहीतर ठार बहिरा असेल. आवाजच तसा होता मेल्याचा. पण मी त्याच्यावर सदतीस वर्षं रागावलेली होते, तेव्हा माझ्या तोंडून त्याची गोष्ट ऐकताना थोडं डावं-उजवं करूनच ऐका.

मी व्हर्डेल टॉलिव्हर. सोळाव्या वर्षापासून मार्लडेल लाँड्रीत इस्त्री करायचे. १९५६ साली आमच्या गल्लीतल्या पाच पोरांनी गाण्याचा चमू काढला आणि नाव सुचेना, म्हणून समोरच्या पाटीवरचं आमच्या लाँड्रीचंच नाव उचललं. झाले मार्लडेल्स. मालक खूश झाला आणि त्यांचे कोट फुकट धुऊन द्यायला लागला. इस्त्री अर्थात माझ्या गळ्यात.

त्यांच्याकडे ना मास्तर होता ना वाजवायला काही. त्यांना लागायची फक्त आवाज घुमेल अशी जागा. शाळेची फरशीवाली मोरी, रेल्वेच्या पुलाखालचा बोळ, आणि सगळ्यात चांगली म्हणजे माझ्या मावशीच्या इमारतीतला दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधला जिना. थर्मन दोन पायऱ्या वर उभा राहायचा, बाकीचे चौघे खाली अर्धगोल करून. लॉन्झो टिस्डेलचा खर्ज इतका खाली जायचा की टपालाच्या पेट्यांची झाकणं थरथरायची. वरचे सूर दोघा बॅस्कम भावांचे. आणि मधला सूर ओझेलचा, ज्याच्याशी मी पुढे लग्न केलं.

शब्द फक्त थर्मनच्या वाट्याला. मागच्या चौघांना नुसते बोल, शू-डू, वा-ऊ, असले. दुसऱ्या मजल्यावरच्या मिस आयडा दार उघडून ओरडायच्या, "ए गॅडिसच्या पोरा! तुझं ऐकू येतंय, त्या जाड्याचं ऐकू येतंय, ते दोघे मांजरासारखे वर चढलेत तेही कळतंय. पण हा लांबडा नुसता तोंड हलवतो का रे?"

"मी गातोय मिस आयडा," ओझेल म्हणायचा.

"मग जरा जोरात गा की बाळा!"

"जोरात गायलं तर माझं काम बिघडतं."

ते तसंच होतं. खर्ज कळतो, उंच सूर कळतो, मधला कोणाला कळत नाही.

त्यांचं एक गाणं गाजलं. चौथ्या मजल्यावर दिवा दिसतोय, तू जागी आहेस का, एवढंच त्याचं म्हणणं. एका छोट्या कंपनीने त्याची तबकडी काढली आणि त्या उन्हाळ्यात ते गाणं प्रत्येक न्हाव्याच्या दुकानातून ऐकू यायचं. शेवटच्या कडव्यात थर्मन एक हाक मारायचा, लांब, उंच, श्वास न घेता. बायका छातीवर हात ठेवायच्या. सगळे म्हणायचे, पोराचा दम संपतच नाही.

१९६१च्या जून महिन्यात, एका शनिवारी दुपारी, थर्मन लाँड्रीत आला. त्याचा वाइन रंगाचा कोट कागदात गुंडाळलेला होता. म्हणाला, "व्हर्डेल, हा ओझेलला दे."

"अरे, उद्या चारला कार्यक्रम आहे ना? घालणार काय, शर्ट?"

"दे नुसता," म्हणाला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

मी मूर्ख. कोटाची कड मोडली होती तिला नीट इस्त्री केली आणि संध्याकाळी ओझेलच्या आईकडे नेऊन दिला. न्यूयॉर्कच्या एका माणसाला मार्लडेल्स नको होते, फक्त थर्मन हवा होता, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी हॉलच्या दारात कळलं. पाचशे माणसं बसली होती. चौघे आत गेले. पुढचा मायक्रोफोन रिकामा ठेवून मागच्या मायक्रोफोनवर त्यांनी तेच गाणं सुरू केलं, कारण दुसरं काही सुचलंच नाही. शब्द नाहीत, चाल नाही, नुसतं शू-डू, वा-ऊ. आधी कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळा हॉल हसला. लहान बॅस्कम रडत खाली उतरला. ओझेलने मात्र आपला भाग शेवटपर्यंत गायला आणि वाकून नमस्कारही केला. मी त्याच क्षणी ठरवलं, लग्न केलं तर याच्याशी, आणि थर्मन गॅडिसशी बोलायचं नाही.

ओझेल टपाल खात्यात लागला. थर्मन रेडिओवर लागला. आता त्याच्या मागे गाणारे नव्हते, वाजवणारे होते. गुडघ्यावर बसायचा, रुमालाने घाम टिपायचा, विनवण्या करायचा. माझी आई चर्चमधली बडी भगतीण, तिने एकदा ऐकलं आणि म्हणाली, "या कार्ट्याने चर्चमधलं सगळं उचललंय, फक्त जीझसच्या जागी बाई बसवलीय." पण पाय तिचाही ठेका धरत होता. १९६५ आणि १९६७ची त्याची दोन गाणी तर आम्हा काळ्या लोकांच्या लग्नात अजून वाजतात. तो दक्षिणेत फिरला, लंडनला गेला, मासिकाच्या पानावर त्याचा फोटो आला.

मी रेडिओ बंद करायचे. ओझेल लावायचा.

"लाज नाही वाटत तुला?" मी विचारायचे.

"गाण्यावर कसला राग गं, बेबी," तो म्हणायचा आणि थर्मनच्या त्या नव्या गाण्यातही आपली मधली जागा शोधून गुणगुणायचा. रोज सकाळी दाढी करताना मात्र जुनंच गाणं, चौथ्या मजल्यावरचा दिवा, आणि त्यातला फक्त स्वतःचा भाग. पाच आखूड सूर आणि मग एक लांब. आमची नडीन लहानपणी त्याला डॅडीचं दाढीचं गाणं म्हणायची. तिला वाटायचं ते एवढंच आहे.

पुढे गाण्यांची तऱ्हा बदलली. थर्मनचे मोठे कार्यक्रम छोटे झाले आणि छोटे बंद पडले. १९८६ साली तो आईच्या घरी परत आला, आमच्यापासून सहा गल्ल्यांवर. सकाळी शाळेची बस चालवायचा आणि शनिवारी कोपऱ्यावरच्या क्लबात गायचा. आवाज तसाच होता, ते मी रस्त्याच्या पलीकडून चालताना ऐकलंय. पलीकडून अशासाठी, की मी त्या फुटपाथवर पाय ठेवत नसे. ओझेल आणि तो न्हाव्याकडे भेटायचे आणि बेसबॉलवर बोलायचे. गाण्याचा विषय ना याने काढला, ना त्याने.

१९९८च्या मार्चमध्ये, मंगळवारी सकाळी, मी स्वयंपाकघरात मक्याची पेज ढवळत होते. मोरीतून रोजचं गुणगुणणं ऐकू येत होतं. पाच आखूड सूर झाले. लांबडा आलाच नाही. मी हातातला चमचा तसाच घेऊन धावले, पण त्याच्या हृदयानेच दगा दिला होता, माझ्या धावण्याने काय होणार होतं.

आमच्याकडच्या जुन्या गाणाऱ्यांची एक रीत आहे. चमूतला कोणी गेला की त्याच्या अंत्यविधीला बाकीचे गातात आणि त्याची जागा मोकळी ठेवतात, उभं राहतानाही आणि गाण्यातही. लॉन्झो बुधवारी आला, जड पावलांनी जिना चढून, आणि तेच म्हणाला, "आम्ही तिघे गाऊ, सिस्टर. ओझेलची जागा मोकळी ठेवू."

मला ओझेलचं बोलणं आठवलं. अशा अंत्यविधींहून परत येताना तो हसून म्हणायचा, "माझी जागा मोकळी ठेवाल तर कोणाला कळणारसुद्धा नाही, व्हर्डेल." तेव्हा मीही हसायचे. आता नाही. मी लॉन्झोला म्हटलं, मोकळी ठेवायची नाही. ओझेल लोकांना एकदा तरी ऐकू आला पाहिजे.

दुपारी थर्मन आला. टोपी हातात, दाराबाहेरच उभा. आत ये म्हणाले नाही मी.

"शनिवारी अंत्यविधीला मी एखादं भजन म्हणू का? एकट्याने," तो म्हणाला.

"एकट्याने तू खूप गायलास. गायचंच असेल तर ओझेलचा भाग गा."

"कुठला?"

"चौथ्या मजल्याचा. पुढे कोणी उभं राहायचं नाही. शब्द कोणी म्हणायचे नाहीत."

निघताना जिन्यात दम खायला टेकलेला लॉन्झो ताडकन उठला. "व्हर्डेल! पुन्हा हसं करून घ्यायचंय का आमचं? त्या दिवशी काय झालं ते विसरलीस?"

"मी काहीच विसरत नाही, हे तुम्हा दोघांनाही माहीत आहे."

थर्मन टोपी फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "मला तो भाग येत नाही."

"पाच वर्षं तुझ्या पाठीशी उभा होता तो!"

"पाठीशीच होता ना. मला ते चौघे मिळून एकच ऐकू यायचे."

तो खोटं बोलला असता तर मी दार लावून घेतलं असतं. खरं बोलला, म्हणून खुर्ची दिली.

कोणाला येत होता तो भाग? तबकडीवरून निवडून काढता येईना. बॅस्कम भावांना आपापलंच आठवत होतं. सबंध फिलाडेल्फियात तो एकीलाच येत होता, जिने सदतीस वर्षं मोरीच्या बंद दारातून ऐकला होता, आणि तिने आयुष्यात कोणासमोर तोंड उघडून गायलं नव्हतं. थर्मन गॅडिससारख्या माणसाला मी गाणं शिकवायला बसले, यावर माझी आई थडग्यात हसली असेल.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. बस सोडून तो दुपारी यायचा. टेबलावर शेजाऱ्यांनी आणून दिलेले डबे, तळलेली कोंबडी, बटाट्याचं सॅलड, आणि त्यांच्यामध्ये आम्ही दोघं म्हातारी शू-डू, वा-ऊ करतोय. त्याचा गळा सवयीने वर पळायचा. मी चमचा टेबलावर आपटायचे.

"वर कुठे चाललास? खाली ये. ओझेल तिथे नाही."

"हा सूर फार नुसता आहे गं. यात करायचं काय?"

"काही करायचं नाही. राहायचं."

शुक्रवारी तो शेवटच्या कडव्यापाशी अडला. "इथे फारच लांब आहे हा. श्वास कुठे घ्यायचा?"

"हाकेच्या आधी घ्यायचा किंवा नंतर. मध्ये नाही. मध्ये तू घ्यायचास."

"मी घेत नव्हतो. ती हाक मी एका दमात—"

"घ्यायचास. ओझेलने मला सांगितलंय. तू चोरून श्वास घेतोस तेवढ्यात तो आपला सूर किंचित मोठा करायचा. म्हणजे लोकांना खाच कळू नये."

थर्मनने पुढ्यातलं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "न्यूयॉर्कला पहिल्याच दिवशी त्या जागी ट्रम्पेट घातला त्यांनी. मला वाटलं, शोभेला घातलाय." त्याचे डोळे भरले. "तो कोट मी तुझ्या हातात द्यायला नको होता, व्हर्डेल. स्वतः जायला हवं होतं. मी घाबरलो. तो हसून जा म्हणाला असता, आणि मग माझा पाय निघाला नसता."

 मी कोंबडीचा एक तुकडा त्याच्या ताटात वाढला. आमच्यात तेवढ्याने भागतं.

शनिवारी चर्च गच्च भरलं होतं. १९६१ साली हसलेल्यांपैकीही काहीजण असणार. रेव्हरंडनी मार्लडेल्सचं नाव घेतलं तशी कुजबुज सुरू झाली, कारण थर्मन उठला होता. तो सवयीने पुढच्या मायक्रोफोनकडे दोन पावलं गेला. थांबला. परत फिरला आणि लॉन्झोच्या डाव्या हाताला, ओझेलच्या जागी, जाऊन उभा राहिला.

त्यांनी सुरू केलं. शब्द नाहीत, चाल नाही. मागच्या बाकावर कोणीतरी चुळबुळलं. पण हसलं कोणी नाही. लॉन्झो खाली होता, बॅस्कम भाऊ वर थोडे थरथरत होते, आणि त्यांच्या मधोमध, आज पहिल्यांदाच कोणी पुढे नसल्यामुळे, तो दिसत होता. दिसत होता असंच म्हणते मी.

शेवटचं कडवं आलं. त्या हाकेची जागा आली. सगळं चर्च थर्मनच्या तोंडाकडे बघायला लागलं, बायकांचे हात छातीवर गेलेसुद्धा. त्याने छाती भरून श्वास घेतला. पाच आखूड सूर गायले. मग मंगळवारी सकाळी अर्धवट राहिलेला तो सहावा, लांबडा, मधला सूर त्याने लावला आणि तिथेच राहिला. वर गेला नाही. हाक मारली नाही. तो सूर जेवढा होता तेवढा पुरा केला.

माझ्या शेजारी बसलेली नडीन, पस्तीस वर्षांची, दोन मुलांची आई, तिने माझा दंड घट्ट धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ममा! हे तर डॅडीचं दाढीचं गाणं आहे."