मांडीवरची रायफल

वस्तू उघडून बघायची खोड मला जन्मापासूनची. घड्याळ, कुलूप, कंदील, पेटी, जे हाताला लागेल त्याच्या पोटात काय आहे ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नसे. वडील म्हणायचे, ह्याला उंच शिडी मिळाली तर हा सूर्यही खोलून बघंल. एकाच वस्तूला हात लावायची मला मनाई होती, आणि ती म्हणजे पणजोबांपासून चालत आलेली रायफल. मधल्या खोलीत, कोपऱ्यात, नळी वर करून ती उभी असे. खंडेनवमीला तेवढी ती पाटावर यायची. आई तिला हळदकुंकू लावायची, नळीच्या तोंडाशी चिमूटभर अक्षता सोडायची, झेंडूचं फूल खोचायची आणि ओवाळायची. वडील हात जोडून बाजूला उभे राहायचे.

ती चालवलेली मी कधी पाहिली नव्हती. तिचा धाक मात्र चांगलाच पाहिला होता. निजामी संपायच्या आधीच्या धामधुमीत शेतवस्तीवरची माणसं बिऱ्हाडं घेऊन आमच्या अंगणात आली. तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. वडील सकाळपासून ओट्यावर बसत. रायफल मांडीवर आडवी आणि तिच्यावर दोन्ही तळहात सपाट टेकवलेले. बोलत नसत, उठत नसत. बायामाणसं त्यांच्याकडे एकदा बघत आणि चुलीला लागत. त्या बसण्याचं मला इतकं वेड लागलं होतं, की शेतात एकटा असलो की मी औताचं रुमणं मांडीवर घेऊन तसाच बसून बघायचो. एवढ्या वाढलेल्या माणसानं हे करावं याची आज लाज वाटते, पण केलं ते केलं.

सहाएक वर्षांनी, ऐन चैत्रात वडील गेले आणि रायफल माझ्याकडे आली. म्हणजे घरातल्या रिवाजानं आली. सरकारदरबारी अजून यायची होती. जुना परवाना उर्दूत आणि वडिलांच्या नावावर. अंबडला तहसिलीत गेलो तेव्हा साहेबांनी नीट समजावून सांगितलं. नाव बदलता येईल, पण हत्यार चालतं असलं तरच. पुढच्या सोमवारी घेऊन या, काडतूस आम्ही देऊ, आमच्यासमोर एक बार काढून दाखवा. न चालणारं हत्यार सरकारजमा होतं.

गावात ही बातमी माझ्याआधी पोहोचली होती. भुईमुगात रानडुकरं येतात म्हणून शेजारी मागे लागले. चुलत्यांना घराण्याची काळजी. रायफल गेली तर आपल्या दाराला वजन राहायचं नाही, असं ते चारचौघांत म्हणाले. मला डुकरांचं आणि वजनाचं एवढं नव्हतं. मला वडिलांसारखं बसायचं होतं, त्यासाठी ती हवी होती.

रविवारी सकाळी मी तिला अंगणात घेतली. आयुष्यभराची मनाई उठली होती, त्यामुळे हात नुसते शिवशिवत होते. नळीचं मागचं तोंड बंद करणारा पोकळ खटका ओढून काढला आणि नळी उन्हाकडे धरून डोळा लावला. पलीकडचा उजेड दिसायला हवा होता. काहीच दिसेना. मिट्ट काळोख.

बाजेवर चादर पसरली आणि तोंडाकडून गजानं हळूहळू खरवडायला लागलो. आधी झेंडूच्या वाळक्या पाकळ्या पडल्या. मग तांदूळ, काही पिवळे, काही कुंकवानं काळे पडलेले, एकमेकांना चिकटून खड्यासारखे झालेले. दरवर्षीच्या अक्षता आत जाऊन बसल्या होत्या आणि एकालाही ते सुचलं नव्हतं. मला हसू आवरेना. उद्या साहेबांसमोर बार काढला असता, तर पूजेच्या तांदळांनी नळी फुटून माझंच तोंड गेलं असतं, हे लक्षात आल्यावर हसू आपोआप आवरलं.

अक्षता संपल्या तरी गज पुढे जाईना. आत आणखी काही होतं. मागच्या बाजूनं गज घालून ठोकत राहिलो, तेव्हा कुठे अंगठ्याएवढा एक बोळा बाहेर आला. मेणात बुडवून घट्ट पिळलेलं कापड. हे काही पूजेतलं नव्हतं. कुणीतरी हेतूनं, जोर लावून ठासलं होतं. उलगडलं तर आतून गुलाबी रंग निघाला आणि जरीची दोन बोटं किनार.

तेवढ्यात आई माझ्या दोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन बाहेर आली. तिनं कापड पाहिलं आणि तिथंच बाजेच्या कडेला टेकली. ते वडिलांच्या लग्नातल्या फेट्याचं होतं.

मग तिनं दारातल्या भोकाची खरी गोष्ट सांगितली. आमच्या पुढच्या दाराच्या चौकटीत वरच्या अंगाला एक भोक आहे. आजोबांच्या काळी दरोडेखोरांनी झाडलेल्या गोळीचं, असं सांगून वडील ते पाहुण्यांना दाखवत. मी दहाबारा वर्षांचा असताना तिवईवर चढून ते तपासलं होतं. आतल्या बाजूला भोक गोल आणि साफ होतं, ढलप्या उडाल्या होत्या त्या बाहेरच्या बाजूनं. गोळी घरातून बाहेर गेली कशी, असं मी वडिलांना विचारलं तर ते "जल्दी उतर खाली" एवढंच बोलले होते. पुढे विषय निघाला नाही.

ती गोळी माझी होती. दोन वर्षांचा असताना मी उडवलेली. वडील शेतातून आले, भरलेली रायफल घरातल्या बाजेवर ठेवून पाय धुवायला गेले आणि मी माझ्या खोडीप्रमाणे तिचा घोडा ओढून बघितला. आई घागर घेऊन दारात उभी होती. गोळी तिच्या डोक्यावरून चौकटीत गेली. त्याच दिवशी वडिलांनी लग्नाचा फेटा फाडला.

"दरोडेखोरांचं त्यांनीच उठवलं," आई म्हणाली. "तुला कळू द्यायचं नव्हतं."

मग एकदम धामधुमीतले ते दिवस आठवले. म्हणजे वडील ओट्यावर बसायचे ती रायफल अशी, बोळा ठासलेली? निदान तेव्हा तरी तो काढायचा, असं मी जरा तडकूनच म्हणालो.

"काढायचा म्हणून गज घेतला होता हातात," आई म्हणाली. "मंग अंगणात बघितलं. साऱ्या वस्तीची लेकरं खेळत होती. ठेवून दिला गज."

"आन् भेव न्हाई वाटलं त्यांना?"

"रोज वाटायचं. हात कापायचे. म्हणून तर ती मांडीवर आडवी धरून वरून हात दाबून बसायचे."

तोवर माझी लेक कडेवरून उतरली होती. सुटा काढलेला खटका तिनं दोन्ही हातांत घेतला होता आणि त्याच्या भोकाला डोळा लावून आत बघत होती.

सोमवारी अंबडला गेलो. साहेबांनी नळीतून पाहिलं, एकदम साफ आहे म्हणाले आणि काडतूस पुढे केलं. मी म्हणालो, बार काढायचा नाही, परवानाही नको, जमा करून घ्या. त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. चुलते पुढे वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

त्या खंडेनवमीला आईनं सवयीनं तेवढाच लांब पाट मांडला. मी फेट्याचा तो बोळा आणून मधोमध ठेवला. आईनं त्याला हळदकुंकू लावलं आणि अक्षता वाहिल्या. मी हात जोडून उभा राहिलो. हात कापत होते. म्हणून मी बसलो आणि दोन्ही तळहात मांडीवर दाबून धरले.