४१२७ नंबरचा डबा

दादामियाँ कुणाशी गोड बोलल्याचं कर्वेनगरात कुणालाही आठवत नाही. जुनी गाडी रंगवायला आणणाऱ्या माणसाला त्यांचं पहिलं वाक्य असायचं, "कशाला हात लावायचा नाही." दुसरं वाक्य गिऱ्हाईक टिकलं तर. गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड, दारात पाण्याचा नळ, आणि आत हा साठीचा खवट माणूस. हात मात्र असा की त्यांनी रंगवलेल्या बॉनेटमध्ये बघून खुशाल दाढी करावी.

जुना रंग ते कधी कोरडा घासत नसत. पत्र्यावर ब्रशने रिमूव्हर लावायचा, वर प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा आणि गप्प बसायचं. अर्ध्या तासात रंगाला सुरकुत्या पडायच्या आणि तो सालीसारखा सुटून यायचा. राहिलेला भाग पाणी सोडत सोडत घासायचा. कोपरापर्यंत रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, शेडची दोन्ही दारं सताड उघडी. निघालेल्या साली डब्यात, डब्यावर घट्ट झाकण, आणि झाकणावर त्या गाडीचा नंबर. "ज्याची घाण, त्याच्या नावावर," ते म्हणायचे. संध्याकाळी कामाची लुंगी शेडमधल्याच खुंटीला लावायची, नळावर साबण लावून अंघोळ करायची, मग घरी जायचं. यातली एकही गोष्ट कधी चुकली नाही.

कारण मेहजबीन. ही त्यांची मुलगी रांगत होती तेव्हा दादामियाँ घराच्या अंगणात गाड्यांचे दरवाजे कोरडेच घासायचे. तेव्हा सगळेच घासायचे. जुन्या रंगाखाली शेंदरी अस्तर असे आणि त्या अस्तरात शिसं. पोरगी त्या लाल धुळीत बसून बोटं चोखायची आणि बाप कौतुकाने हसायचा. पुढे तिचं पोट दुखायला लागलं, बोलणं लांबलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही काम काय करता?" आता मेहजबीन एकोणीस वर्षांची होती आणि तिला स्वतःची वेणी घालता येत नव्हती. त्या प्रश्नापासून दादामियाँ स्वतःवर चिडलेले होते. स्वतःवर चिडून भागेना, म्हणून सगळ्या जगावर.

जगाच्या वतीने भांडायला मंदाकिनीबाई होत्या. शेडशेजारी नवी सोसायटी उभी राहिली, तिच्या त्या सचिव. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, पण ते शाळेलाच कळलं होतं, बाईंना नव्हतं. पाच वर्षांत त्यांनी दादामियाँविरुद्ध अकरा अर्ज केले. वास येतो. ठोकाठोकीचा त्रास होतो. सदर इसम नळावर उघड्याने अंघोळ करतो. दादामियाँ अंघोळीला बसले की दुसऱ्या मजल्यावरची खिडकी धाडकन बंद व्हायची. बारावा अर्ज मात्र लागू पडला: शेडमधून विषारी धूळ उडते. वॉर्ड ऑफिसातून निरोप आला की सोमवारी पाहणी होईल, तशी धूळ आढळली तर शेडला सील.

ही दोन हजार तीनच्या एप्रिलातली गोष्ट. कर्वेनगरात तेव्हाही जागेचा भाव विचारायचीसुद्धा छाती होत नव्हती. शेड गेली असती तर साठीच्या माणसाला दुसरी मिळणार नव्हती, आणि घरी मेहजबीनला जन्मभर पोसायचं होतं.

शनिवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमधून ग्राइंडरचा आवाज आला. दादामियाँनी कुंपणावरून पाहिलं. मंदाकिनीबाईंचा मुलगा शुभंकर वडिलांच्या जुन्या फियाटचं बॉनेट घासत होता. आठवडाभर हिंजवडीला कॉम्प्युटरपुढे बसणारा हा गृहस्थ सुट्टीच्या दिवशी कारागीर झाला होता. तोंडावर साधा रुमालही नाही. वरचा पांढरा रंग उडून खालचं शेंदरी अस्तर लागलं होतं आणि लाल धुळीचा लोट पार्किंगभर पसरत होता. चार हातांवर चटई टाकलेली. चटईवर त्याची दहा महिन्यांची मुलगी, सृष्टी. तिची चार बोटं तोंडात होती.

दादामियाँच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सोसायटीत पाऊल टाकायची त्यांना बंदी होती. ते पाण्याची बादली घेऊनच आत शिरले, ग्राइंडरचं बटण बंद केलं आणि अख्खी बादली बॉनेटवर ओतली.

"अहो काका, काय करताय!" शुभंकर ओरडला. "मी इंटरनेटवर सगळं प्रॉपर वाचलंय!"

"पोरीला कुठे बसवायचं ते लिहिलं नव्हतं का त्यात? उचल तिला!"

आवाज ऐकून मंदाकिनीबाई खाली आल्या. "मिस्त्री, आपल्याला इथे कुणी बोलावलंय?"

"कुणी नाही. नातीला अंघोळ घाला. केसांसकट. आत्ता. आणि डॉक्टरला दाखवा, रक्त तपासून घ्या."

"आमच्याकडे रोज अंघोळी होतात."

दादामियाँनी शेडमधून ओल्या चिंध्या आणल्या आणि गुडघ्यांवर बसून सगळं पार्किंग पुसून काढलं. शुभंकर पोरीला कडेवर घेऊन उभा होता, बाई हाताची घडी घालून. हातभार कुणी लावला नाही आणि यांनीही मागितला नाही. लाल चिखलाने भरलेल्या चिंध्या ते शेडवर घेऊन गेले, डब्यात घातल्या, झाकण दाबलं आणि हात सवयीने चालला. झाकणावर लिहिलं, ४१२७.

सोमवारी वॉर्ड ऑफिसातले साहेब आले. दारात मंदाकिनीबाई, त्यांच्या मागे कामाला दांडी मारलेला शुभंकर. साहेबांनी शेडमधल्या फळ्यांवर बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं. डबे उघडले. सगळ्यांत रंगाच्या साली. मग शेवटचा डबा उघडला, आणि साहेब थांबले.

"तुम्ही म्हणता कोरडं घासत नाही. मग हा मैद्यासारखा बारीक चिखल कसला? एवढं बारीक ग्राइंडरनेच होतं."

"माझा नाही तो."

"तुमच्या शेडमध्ये आहे."

दादामियाँनी डब्याकडे पाहिलं. काय सांगायचं? पाच वर्षं बाईंच्या सहीला वजन होतं आणि यांच्या तोंडाला नव्हतं. चांगलं करायला गेलो आणि आपल्या हाताने पुरावा घरात आणून ठेवला, या विचाराने त्यांना स्वतःचीच कानशिलं फोडावीशी वाटत होती. मेहजबीन तेव्हा घरी वेणी घालून घ्यायला त्यांची वाट बघत बसली असेल.

साहेबांनी झाकण उलटं करून वाचलं. "एक्केचाळीस सत्तावीस. ही गाडी कुणाची?"

शुभंकर बुटांकडे बघत राहिला. मंदाकिनीबाईंची नजर त्या आकड्यांवर खिळली होती. नवऱ्याने तीस वर्षं चालवलेल्या गाडीचा नंबर त्यांना वाचावा लागत नव्हता.

"माझी," त्या कडाडल्या. "लिहा साहेब. धूळ माझ्या मुलाने उडवली, आमच्या पार्किंगमध्ये. आणि या माणसाने आम्हाला न विचारता ती उचलून नेली, तेही लिहा. जरा नीट अक्षरात."

साहेबांनी नीट अक्षरात लिहिलं, बाईंची सही घेतली आणि शेडला हात न लावता निघून गेले.

मंदाकिनीबाई मात्र गेल्या नाहीत. "नळावर अंघोळ कशासाठी करता, हे पाच वर्षांत सांगता आलं नाही तुम्हाला?"

"पाच वर्षांत विचारलं नाहीत तुम्ही. घरी मुलगी आहे माझी. तिला सोसलं नाही." ते डब्याकडे वळले. "उघडा ठेवू नका तो. झाकण द्या इकडे."

बाईंनी झाकण दिलं. आभार कुणी मानले नाहीत.

संध्याकाळी दादामियाँ नळावर बसले. खिडकी बंद झाली नाही. वरून पोर किंचाळत होतं आणि मंदाकिनीबाई दरडावत होत्या, "शुभंकर, धर तिला नीट, नखांतलं अजून निघालं नाही!" पाण्याचे तांब्यावर तांबे ओतल्याचा आवाज येत होता. दादामियाँ अंगाला साबण तसाच ठेवून ऐकत राहिले. मेहजबीनला त्या वयात असं कुणी धुतलं नव्हतं.