तिच्या हातची गाठ

आज सुनेच्या खोलीतून भाजक्या ओव्याचा वास आला आणि आमचा थोरला जन्मला ती सकाळ आठवली. सुईण बायकोची कंबर ओव्याच्या पुरचुंडीने शेकत होती, पण सुटका होईना. "घरातली एकूण एक गाठ सोडा, म्हणजे बाई मोकळी होईल," ती मला म्हणाली. मी पडलो शिलेदार गडी. पागोटं सोडलं, कुलपं उघडली, शेजाऱ्यांच्या गोणी सोडल्या, शनिवारवाड्याचा दरवाजा उघडायला निघालो तर पहारेकऱ्यांनी परत धाडलं. घोडा सोडला, तो एका उडीत नदी ओलांडून येरवड्याला चरायला गेला. आतून कण्हत बायको म्हणाली, "अहो, धोतर तेवढं राहू द्या." स्वतःच हसली, आणि त्या हसण्यातच पोर बाहेर आलं. पुढे ती गेली, त्याआधी ओव्याची नवी पुरचुंडी बांधून फडताळात ठेवली होती, सुनेच्या वेळी लागेल म्हणून. आज तीच सून अडली आहे. घरातल्या सगळ्या गाठी मी सोडल्या, तिच्या पुरचुंडीची ही एक उरली. इतकी वर्षं हिला कुणाला हात लावू दिला नव्हता. आतून सून कळवळली, आणि मी ती गाठ सोडली.