विल्मरच्या हातची काडतुसं

दुकानात तयार काडतुसं मिळतात तर तू घरी कशाला भरत बसतोस, असं विल्मर कुचेराला कुणी विचारलं की तो सांगायचा, स्वस्त पडतात. हे काही खरं नव्हतं. त्याची बायको अर्डिथ पाहुण्यांसमोरच म्हणायची, "काडतुसं स्वस्तच पडतात. फक्त तळघर महाग पडलं."

तळघरात त्याचं टेबल होतं. टेबलाला बोल्टाने आवळलेलं दांड्याचं यंत्र, शेजारी सोनाराकडे असतो तसला नाजूक तराजू, आणि वर मान वाकवलेला दिवा. जन्मभर अमेरिकेत, नेब्रास्कातल्या एका गावाच्या धान्यकोठारात मक्याची पोती हलवलेला हा माणूस. बोटं गाजरासारखी जाड, त्यांत संधिवात शिरलेला. आणि भरायची काय, तर अर्डिथला वडिलांकडून आलेल्या, खिशात मावणाऱ्या पिस्तुलाची काडतुसं, करंगळीच्या पेरापेक्षाही लहान. तसलं पिस्तूल आता गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, म्हणून दुकानदारही त्याची काडतुसं आठवण झाली तरच मागवायचा.

मोठ्या बंदुकीचं काम त्यापुढे सोपं. तिथे हाताला काहीतरी लागतं तरी. इथे काडतुसाच्या बुडात बसवायची, ठिणगी पाडणारी टिकली मसुराच्या डाळीएवढी. हातातून सुटली की फरशीवर टिक करून वाजायची आणि कायमची गडप व्हायची. गोळी हरभऱ्यासारखी. ती पुंगळीच्या, म्हणजे उडवून झाल्यावर पुन्हा भरता येणाऱ्या पितळी नळकांड्याच्या, तोंडावर उभी करून दांडा ओढायचा. जरा कलली की पातळ पितळेचं तोंड चुरगळलंच, मग ती पुंगळी भंगारात. शिवाय दर वेळी गोळीबरोबर बोटाची कातडीही यंत्रात जायची. विल्मर पुटपुटायचा, ते जिन्यावरून वर स्वयंपाकघरात ऐकू यायचं, आणि अर्डिथ रेडिओ मोठा करायची.

पण सुखही होतं त्यात. मक्याच्या कणसांच्या भुशात रात्रभर घोळवलेल्या पुंगळ्या सकाळी सोन्यासारख्या निघायच्या. दांडा नीट बसला की हाताला एक मऊ होकार कळायचा. त्याला दुसरं काहीच नको असायचं तेव्हा.

त्या भागात एक रीत आहे, ती कुणी कुणाला शिकवत नाही. दुसऱ्याने घरी भरलेलं काडतूस आपल्या पिस्तुलात घालायचं नाही. दुसऱ्याची कवळी जशी आपण तोंडात घालत नाही, तसंच. सख्खा भाऊ असला तरी हसून नाही म्हणतात, आणि त्याचा राग कुणी मानत नाही. विल्मरच्या हातची काडतुसं सगळ्या जगात एकच माणूस उडवत होतं, ते म्हणजे अर्डिथ. गुरुवारी संध्याकाळी गावाबाहेरच्या माळावर बायकांची नेमबाजी असे. गुडघे दुखोत नाहीतर पाऊस येवो, अर्डिथ जायची. तिची मैत्रीण मॅक्सीन तिला चिडवायची, की नवऱ्यावर एवढा भरवसा मी लग्नाच्या दिवशीसुद्धा ठेवला नव्हता.

आणि एका गुरुवारी ते झालं.

अर्डिथने चाप ओढला तर धड आवाजच आला नाही. नुसतं फुस्स झालं, ओल्या लाकडासारखं. विल्मरने तिला कधीतरी शिकवून ठेवलं होतं की असा आवाज आला तर चापावरचं बोट काढ आणि देवाचं नाव घे. तिने बोट काढलं. त्या काडतुसात दारूच नव्हती. टिकलीच्या जोरावर गोळी कशीबशी नळीत शिरली होती आणि अर्ध्यात अडकून बसली होती. मागून दुसरी झाडली असती तर हातातलं पिस्तूल फुटलं असतं. मॅक्सीनने पितळी सळईने ठोकून गोळी बाहेर काढली.

अर्डिथ घरी आली. ती चेपलेली गोळी तिने विल्मरच्या ताटाशेजारी ठेवली, आणि म्हणाली, "तुझी आहे. परत आणली."

झालेलं तिने सांगितलं तेव्हा विल्मरच्या हातातला काटा तसाच राहिला. ताटातले डम्पलिंगचे उकडलेले गोळे गार झाले.

दुसऱ्या दिवसापासून तो तळघरात उरलेली सगळी काडतुसं फोडत बसला. त्यासाठी एक पोकळ हातोडा मिळतो. काडतूस त्यात अडकवायचं आणि फरशीवर आपटायचं, की हळूहळू गोळी सुटते. भरण्यापेक्षा फोडण्याचं काम दुप्पट कंटाळवाणं. ठक, ठक, ठक. खांदा भरून आला. प्रत्येकातली दारू तो तराजूत टाकून डोळे ताणून बघायचा. प्रत्येकात ती बरोबर होती.

तेच त्याला जास्त लागलं. सगळीच चुकली असती तर मापाला दोष देता आला असता. एकच चुकलं म्हणजे माप नाही, माणूस चुकला.

आणि कसा चुकला तेही त्याला आठवलं. त्याच्याकडे भोकं पाडलेली एक लाकडी फळी होती. रिकाम्या पुंगळ्या तिच्यात तोंड खाली करून ठेवायच्या. दारू घातली की तोंड वर. मग दिव्याखाली धरून एकेकीत डोकवायचं, आणि मगच गोळी बसवायची. मध्ये उठावं लागलं तर सगळ्यांतली दारू परत ओतून पहिल्यापासून सुरू करायचं, हा त्याचा स्वतःचा नियम. त्या दिवशी वरून अर्डिथने हाक मारली होती. बीटच्या लोणच्याची बरणी उघडत नव्हती. बरणी उघडून तो खाली आला, ते दुखरी कंबर धरूनच. परत सगळं ओतायचं त्याच्या जिवावर आलं. कुठवर आलो होतो ते आठवतंय असं त्याला वाटलं. एक पुंगळी त्याने तोंड वर करून ठेवली होती, पण भरली नव्हती. डोकवायचं मात्र त्याने सोडलं नव्हतं. चष्मा कपाळावर होता, एवढंच.

हे तो अर्डिथला बोलला नाही. बरणीचं नाव काढलं असतं तर दोष तिच्या पदरात टाकल्यासारखं झालं असतं.

बुधवारी ओट्यावर दुकानातली काडतुसांची नवीकोरी डबी दिसली. अर्डिथनेही ती लपवली नव्हती. विल्मरने ती उचलून वाचली आणि जिथे होती तिथे, तशीच तिरकी ठेवून दिली. हे यंत्र आता विकून टाकावं, त्याच्या मनात आलं. जिच्यासाठी रांधायचं तीच खात नसेल तर चूल कशाला पेटवायची? आणि खरं सांगायचं तर या विचाराने त्याला थोडं हलकंही वाटलं. फार दमला होता तो.

गुरुवारी ती गेली. तो पायरीवर बसून राहिला. दिवस मावळायच्या आत तिची गाडी आली. उतरली तर दोन्ही गुडघ्यांवर गवताचे हिरवे डाग, आणि चालणं असं की कोंबडी बरी. तिने रुमालाची गाठ सोडून तो त्याच्या पुढ्यात पसरला. नव्या पितळेच्या, एकदाच उडालेल्या पुंगळ्या. त्या पिस्तुलातून उडालेली पुंगळी कुठे पडते ते देवाला माहीत. गवतात सापडेपर्यंत माणसाची कंबर जाते.

"सगळ्या वेचल्यास?" विल्मरने विचारलं.

"दोन मॅक्सीनने शोधल्या. ती म्हणाली, तुझं डोकं फिरलंय. दुकानातलं घेतलंस, आता रांगतेस कशाला?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, विल्मरकडच्या जुन्या पुंगळ्या झिजल्यात." ती त्याच्याशेजारी बसली, हळूहळू, कठड्याला धरून. "त्या दिवशी बीटची बरणी उघडायला तुला मीच वर बोलावलं होतं ना?"

विल्मरने एक पुंगळी उचलून आत बघितलं. "हाक तुझी होती. पण सगळं न ओतता परत बसलो तो मीच."

"चष्मा?"

"कपाळावर."

"म्हातारा," ती म्हणाली.

पुंगळ्या भुशात घोळल्या. शनिवारी विल्मर खाली जाऊन बसला, चष्मा दोरीने गळ्यात बांधून. फळीवरच्या निम्म्या पुंगळ्यांची तोंडं वर झाली होती, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज यायला लागले. आधी ओट्यावर बरणी आपटल्याचा. मग सुरीच्या मुठीने झाकण ठोकल्याचा. मग गरम पाण्याचा नळ. मग पुन्हा आपटणं, आणि अर्डिथचं पुटपुटणं, जे यंत्रात बोट सापडलेल्या माणसाच्या तोंडी शोभलं असतं.

विल्मर थांबला. हाकेची वाट बघितली.

हाक आली नाही. ठोकणं चालूच होतं. त्याने दिवा जरा जवळ ओढला आणि पुढची पुंगळी उचलली.